जोडीने वाढलेल्या दोन कुत्र्यांसाठी नवे घर शोधताना

घरचे कुत्रे दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याची वेळ कोणावरही येऊ शकते. पुण्यात हे चित्र विशेष परिचयाचे आहे. आई-वडिलांपैकी एक जण जातो, उरलेल्याला मुलगा अमेरिकेला किंवा बंगळुरूला घेऊन जायचे ठरवतो, जुना बंगला विकायला निघतो आणि मागे राहतात वर्षानुवर्षे एकत्र वाढलेले दोन कुत्रे. एका कुत्र्याला घर मिळवणेच अवघड असते. दोघांना एकदम ठेवून घेणारे माणूस मिळणे त्याहून अवघड. त्यामुळे एक इकडे देऊ, दुसरा तिकडे देऊ, असे सल्ले पहिल्याच आठवड्यात सुरू होतात. त्या सल्ल्याला होकार किंवा नकार देण्यापूर्वी काय तपासावे इथपासून नव्या घरातील पहिल्या तीन महिन्यांपर्यंतचा मार्ग पुढे दिला आहे. घर सोडण्याची तारीख ठरलेली असेल तर किमान दोन-तीन महिने आधी कामाला लागावे, कारण घाईत दिलेली जोडी बहुधा फुटते.

आधी जोडी पारखावी

एका घरात राहणारे दोन कुत्रे म्हणजे एकमेकांवाचून न राहू शकणारी जोडी, असे नसते. काही कुत्रे केवळ शेजारी असतात: जेवण एका वेळी, फिरणे एका वेळी, पण एक गच्चीवर आणि दुसरा सोफ्याखाली. काही घरांत ओढ एकतर्फी असते. धाकटी सतत थोरल्याच्या मागे आणि थोरला तिला चुकवून पलंगाखाली. आणि काही घरांत आपण ज्याला प्रेम समजतो ती दादागिरी असते. एक कुत्रा दाराच्या चौकटीत आडवा पडून दुसऱ्याला आत येऊ देत नाही, त्याच्या वाटीपाशी जाऊन उभा राहतो, माणसाने दुसऱ्याला कुरवाळले की मध्ये घुसतो, आणि दबलेला कुत्रा जांभया देत, ओठ चाटत, मान वळवून बाजूला होतो. अशा दोघांना वेगळी घरे देणे हाच दबलेल्यावर उपकार ठरतो.

खरी जोडी ओळखण्यासाठी विरहाची चाचणी घ्यावी, पण ती टप्प्याटप्प्याने. पहिल्या दिवशी घरातील एकाने एका कुत्र्याला पंधरा मिनिटे फिरवून आणावे आणि मागे राहिलेल्याचे मोबाइलवर चित्रण करावे. मागे राहिलेल्याजवळ ओळखीचे माणूस असले पाहिजे, ही यातली महत्त्वाची अट आहे. कुत्रा एकटा असताना रडला तर तो जोडीदारासाठी रडतो की माणसासाठी, हे कळतच नाही. माणूस जवळ असूनही तो येरझारा घालत असेल, गरमी नसताना धापा टाकत असेल, आवडता खाऊ तोंडापाशी नेला तरी तोंड फिरवत असेल, तर ओढ जोडीदाराची आहे. माणसाच्या पायाशी येऊन तो दहा मिनिटांत झोपला, तर त्याला सोबत हवी आहे, पण ती याच कुत्र्याची हवी असे नाही. पुढे अवधी एक तासाचा, मग अर्ध्या दिवसाचा करावा आणि शेवटी एक रात्र एकाला ओळखीच्या नातेवाइकाकडे ठेवून पाहावी. नंतर हीच चाचणी उलट बाजूने करावी, कारण दोघांची उत्तरे सारखी येतीलच असे नाही. कोणत्याही टप्प्यावर त्रास वाढताना दिसला की तिथेच थांबावे. हवे ते उत्तर मिळालेले असते.

मी पाहिलेल्या एका जोडीत म्हातारा पॉमेरियन मोतीबिंदूमुळे जवळजवळ आंधळा झाला होता. त्याच्या सोबतची देशी कुत्री जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत असे आणि तो तिच्या मांडीला नाक लावून पुढची पायरी शोधत असे. तिला बाहेर नेले की तो दाराशी न बसता तिच्या गोधडीवर जाऊन उभा राही आणि एरवी घरात कधीही घाण न करणारा हा कुत्रा तिथेच मुतत असे. इथे चाचणीची गरजच नव्हती. आंधळा, बहिरा किंवा फार भित्रा कुत्रा दुसऱ्याच्या आधाराने दिवस काढत असेल, तर त्या दोघांना वेगळे करण्याचा विचार मुळातूनच सोडून द्यावा.

एका वेतातील भावंडे जन्मापासून एकत्र असली की त्यांना एकटे राहण्याची सवयच लागलेली नसते, आणि ती चाचणीत हमखास नापास होतात. ती दोन वर्षांच्या आतली असतील तर रोज थोडा वेळ वेगळे फिरवणे, वेगळ्या खोलीत जेवण देणे, असे महिनाभर करून पुन्हा पाहावे. पुष्कळदा ओढ निवळते आणि दोन चांगल्या, एकमेकांपासून जवळच्या घरांचा पर्याय खुला होतो. हा पर्याय कमीपणाचा नाही. आठ-दहा वर्षे एकत्र काढलेल्या जोडीवर मात्र असे प्रयोग करू नयेत.

एकदा निर्णय झाला की तो घरातील सर्वांनी एकमुखाने सांगावा. जोडी एकत्रच द्यायची असे ठरल्यावर घरातील एक जण फोनवर ‘बघू, एकाचेही चालेल’ असे म्हणू लागला, तर येणारा प्रत्येक जण दोघांतला गोंडस तेवढा मागतो आणि म्हातारा मागे राहतो.

डॉक्टर, नसबंदी आणि कागद

दोघांना एकाच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे आणि दोघांसाठी स्वतंत्र फाइल करावी. रेबीजची लस आणि एकत्रित लस (डिस्टेंपर, पार्वो अशा रोगांविरुद्धची) यांच्या तारखा पुस्तिकेत नोंदलेल्या असाव्यात. पावसाळा जवळ असेल तर लेप्टोस्पायरोसिसविरुद्धच्या संरक्षणाबद्दल विचारून घ्यावे. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा ताप इतका सर्रास आढळतो की कुत्रा वरवर ठीक दिसत असला तरी रक्ततपासणी करून घेणे शहाणपणाचे आहे. नव्या घरी गेल्यावर आठवड्याभरात ताप आला, तर आजारी कुत्रा गळ्यात मारला असा समज होतो आणि जोडी परत येते. मुंबईत परळचे बैलघोडा रुग्णालय जुन्या पिढीलाही माहीत आहे. इतरत्र आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडूनच प्रकृतीचा दाखला घ्यावा, कारण त्यांच्याकडे जुन्या नोंदी असतात.

नर-मादीची जोडी असेल तर नसबंदी झाल्याशिवाय ती कोणालाही देऊ नये, या एका बाबतीत तडजोड नको. लॅब्रॅडॉर, पग किंवा शित्झूची नसबंदी न झालेली जोडी म्हणजे पिल्ले विकणाऱ्यासाठी फुकट मिळालेले भांडवल होय. मादी नुकतीच माजावर येऊन गेली असेल तर शस्त्रक्रियेसाठी साधारण दोन महिने थांबावे लागते, आणि नराची शस्त्रक्रिया झाल्यावरही काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, हे वेळापत्रक आखताना ध्यानात ठेवावे. दवाखान्यातून परतलेल्या कुत्र्याच्या अंगाला औषधांचा वास येतो आणि जोडीदार कधी कधी त्याच्यावरच गुरगुरतो. एखाद-दुसरा दिवस मध्ये जाळीचे दार किंवा आडवी फळी ठेवल्यास प्रश्न सुटतो.

महापालिकेचा श्वान परवाना असल्यास तो नव्या पालकाच्या नावे करून देण्याची तयारी ठेवावी. कुत्रे ठेवण्यास सोसायटीची हरकत आहे म्हणून तुम्ही त्यांना देत असाल, तर आधी एक गोष्ट तपासावी. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताच्या ठरावानेही पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. केवळ अध्यक्षांच्या धमकीपोटी घर सोडायला निघालेल्या काही जोड्या या एका कागदावर आपल्याच घरी राहू शकतात.

दोघांची खरी माहिती लिहून काढणे

जाहिरात लिहिण्यापूर्वी दोघांविषयी दोन पाने लिहून काढावीत. वय, वजन, औषधे हे तर हवेच. पण नव्या माणसाला उपयोग होतो तो बारीक तपशिलांचा. कोण आधी जेवतो, हाड दिले तर कोण कोणाचे पळवतो, कोणाला फटाक्यांची भीती आहे, लिफ्टमध्ये कोण अडतो, दूधभाकरीवर वाढले आहेत की कोरड्या खाद्यावर, दारावरची घंटा वाजल्यावर पहिला कोण धावतो आणि दुसरा त्याचे ऐकून भुंकतो का. ‘बस’, ‘चल’, ‘नको’, ‘जागेवर’ असे जे शब्द ते ओळखतात त्यांची यादीही द्यावी, कारण नवे घर गुजराती किंवा इंग्रजी बोलणारे असू शकते.

कुत्र्याने कोणाला चावले असेल तर तेही लिहावे: कोणाला, कशामुळे, किती खोल. ही माहिती दडवल्याने घर लवकर मिळते हे खरे, पण त्या घरात लहान मूल असेल तर पुढच्या घटनेची नैतिक जबाबदारी दडवणाऱ्याकडेच येते. खर्चाचा अंदाज हवेत सांगू नये. गेल्या तीन महिन्यांची खाद्याची, औषधांची आणि डॉक्टरांची बिले एकत्र करून खरा मासिक आकडा काढावा आणि तोच सांगावा. दोन कुत्र्यांचे सगळे दुप्पट होते, आणि दोघेही म्हातारे असतील तर दोघांची आजारपणे एकाच वर्षात येऊ शकतात, हे समोरच्याला आधी कळलेले बरे.

छायाचित्रांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. दिवसाच्या उजेडात, दोघे एका चौकटीत, साखळीविना. एकेकट्याचे छायाचित्र देऊच नये. दिले की एकट्याची मागणी येते.

कुठे शोधावे

सुरुवात कुत्र्यांना आधीपासून ओळखणाऱ्या माणसांपासून करावी: पशुवैद्य, त्यांचे सहायक, रोज फिरवायला येणारा मुलगा, सुट्टीत ज्यांच्याकडे कुत्रे ठेवत होतात ते कुटुंब, सकाळी टेकडीवर भेटणारे इतर कुत्रेवाले. या वर्तुळात ज्यांचा म्हातारा कुत्रा नुकताच गेला आहे आणि ज्यांना पिल्लाचा उपद्व्याप आता झेपणार नाही, अशी घरे निघतात. जोडीसाठी त्यांच्याइतकी योग्य घरे क्वचितच सापडतात. त्यानंतर व्हॉट्सअॅपवरील स्थानिक गट आणि दत्तकाची कामे करणाऱ्या संस्था. संस्थांच्या निवाऱ्यात जोडी ठेवण्याचा पर्याय मी शेवटचा मानतो. निवारे भरलेले असतात, पिंजरे लहान असतात आणि चांगल्या हेतूनेही दोघांना वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवले जाऊ शकते. संस्थेला जागा मागण्याऐवजी ओळख आणि पडताळणीसाठी मदत मागितली, तर ती अधिक तत्परतेने मिळते.

‘फुकट देणे आहे’ असे शब्द वापरू नयेत. कुत्र्यांचे पैसे घेणे अनेकांना रुचत नाही आणि ते योग्यच आहे. त्याऐवजी पुढच्या वर्षीच्या लसींचा खर्च नव्या पालकाने थेट डॉक्टरांकडे भरावा, अशी अट ठेवता येते. एवढ्यानेही नुसती हौस म्हणून फोन करणारे गळतात.

फोनवर आणि घरी जाऊन

पहिल्या फोनवर आपण कमी बोलावे आणि समोरच्याला बोलू द्यावे. ‘दोघे का हवेत?’ या एका प्रश्नावर बरेच कळते. ‘नर-मादी आहेत ना, मग पिल्ले होतील’ असे उत्तर आले की संभाषण तिथेच संपवावे. ‘आत्ता एक नेतो, महिन्याने दुसरा’ म्हणणारा दुसऱ्यासाठी बहुधा येत नाही. घर दाखवायला का-कू करणारा, रात्री गाडी घेऊन येतो म्हणणारा, कागदपत्रांपेक्षा जातिवंतपणाबद्दल अधिक विचारणारा, अशा सर्वांना नम्रपणे नकार द्यावा.

शेतावर राखणीसाठी जोडी हवी, अशी मागणी महाराष्ट्रात वारंवार येते आणि तिच्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. शेतावर राहणारे काही कुत्रे शहरातल्या फ्लॅटमधल्यांपेक्षा सुखी असतात यात शंका नाही. पण रात्री कुत्रे कुठे झोपणार, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात, नाशिककडे निफाड-सिन्नरच्या बाजूला आणि अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्या वस्तीच्या आसपास वावरतो. अकोले परिसरात बिबट्याच्या आहाराचा जो अभ्यास झाला, त्यात त्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव व भटक्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आढळला, शेळ्यांपेक्षाही अधिक. घराबाहेर साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. रात्री दोघे बंद पडवीत किंवा घरात झोपतील, अशी व्यवस्था डोळ्यांनी पाहिली तरच अशा घराचा विचार करावा. मुंबईत आरे किंवा राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या बंगल्यांनाही हेच लागू आहे.

घरभेट कुत्र्यांशिवाय एकदा आणि कुत्र्यांसह एकदा, अशी दोनदा करावी. पहिल्या भेटीत गॅलरीच्या गजांमधले अंतर, फाटकाखालची फट, गच्चीचा कठडा, जिन्याचे दार हे सगळे पाहावे. घर भाड्याचे असेल तर अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारात प्राण्यांविषयी काय लिहिले आहे ते वाचावे आणि घरमालकाची दोन कुत्र्यांना लेखी संमती मागावी; एका कुत्र्याला होकार देणारा मालक दोघांना पाहून बिथरतो. घरातील प्रत्येकाशी बोलावे, विशेषतः आजी-आजोबांशी आणि घरकामाला येणाऱ्या ताईंशी. मुलांच्या हट्टाखातर घेतलेल्या जोडीचा दिवसभराचा भार बहुधा त्यांच्यावरच पडतो, आणि त्यांची नाराजी पहिल्या फोनमध्ये कधीच ऐकू येत नाही.

त्या घरात आधीपासून एक कुत्रा असेल तर काळजी दुप्पट घ्यावी. दोघे एकत्र आले की तिसऱ्यावर चालून जातात. ओळख त्याच्या घरात न करता मोकळ्या मैदानात करावी: प्रथम जोडीतला एकच, त्या घरच्या कुत्र्यासोबत अंतर ठेवून एकाच दिशेने चालत, मग दुसरा, आणि सगळे शांत राहिले तरच तिघे एकत्र. एका दुपारीत हे जमेलच असे नाही.

लेखी करार

सोपवण्याचा कागद साधा असला तरी चालतो, पण त्यात काही वाक्ये स्पष्ट हवीत: दोघांना वेगळे केले जाणार नाही, पिल्ले काढण्यासाठी त्यांचा वापर होणार नाही, तिसऱ्या व्यक्तीला देण्याआधी मूळ पालकाला कळवले जाईल, आणि ठेवणे अशक्य झाले तर दोघेही परत केले जातील. शेवटच्या अटीला अर्थ यावा म्हणून परत आलेली जोडी कोण ठेवून घेणार, त्या माणसाचे नाव आधी ठरलेले असावे. परदेशी जाणाऱ्या कुटुंबाने भारतात राहणारा एखादा भाऊ, मावशी किंवा मित्र यासाठी नेमावा. दोन्ही बाजूंच्या सह्या, ओळखपत्राची प्रत आणि दोघा कुत्र्यांची छायाचित्रे कागदाला जोडावीत.

सोपवण्याचा दिवस

दिवाळी, थर्टी फर्स्ट आणि गणपती विसर्जनाचे दिवस टाळावेत. अनोळखी घर आणि फटाके किंवा डीजे हे एकत्र आले की कुत्रा दार उघडे दिसताच सुटतो. सोपवणे शनिवारी सकाळी करावे, म्हणजे नव्या पालकांना दोन दिवस घरी राहता येते. दोघांना एकाच गाडीतून, एकाच वेळी न्यावे. निघण्याआधी चार-पाच तास जड खाणे देऊ नये. एप्रिल-मेमध्ये प्रवास पहाटे उरकावा. लांबचे गाव असेल तर खासगी गाडीच बरी. रेल्वेत पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात कूपे, म्हणजे दोघांचा बंद कप्पा, मिळाल्यास कुत्रा सोबत नेता येतो, अन्यथा गार्डच्या डब्यातील पेटीत ठेवावा लागतो, आणि घाबरलेल्या जोडीसाठी तो प्रवास कठोर आहे. दोन कुत्रे असल्याने नियमांची चौकशी स्थानकाच्या पार्सल कार्यालयात आधीच करावी.

सोबत त्यांच्या गोधड्या न धुता द्याव्यात, कारण त्यांना लागलेला घरचा वास हाच पहिल्या रात्रीचा आधार असतो. वाट्या, पट्टे आणि पंधरा दिवसांचे नेहमीचे खाद्य द्यावे. गळ्यातल्या पट्ट्यावर नव्या पालकाचा मोबाइल क्रमांक निघण्यापूर्वीच लावलेला असावा. निरोप लांबवू नये. रडायचे असेल तर गाडीत बसल्यावर.

पहिले तीन महिने

दत्तकाची कामे करणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात: तीन दिवस भांबावलेपणा, तीन आठवड्यांत दिनक्रमाची सवय, तीन महिन्यांत घर आपले वाटणे. प्रत्येक कुत्रा याच हिशेबाने वागेल असे नाही, पण दुसऱ्याच दिवशी धीर सोडणाऱ्या नव्या पालकाला हा हिशेब सांगून ठेवावा.

जोडीच्या बाबतीत दोन धोके विशेष आहेत. पहिला पळून जाण्याचा. सुरुवातीचे काही आठवडे प्रत्येक कुत्र्यामागे एक माणूस हवा. एकाच हातात दोन साखळ्या नकोत, आणि भित्र्या कुत्र्याला गळपट्ट्याबरोबर छातीचा पट्टाही घालावा. एक जण सुटलाच तर त्याच्या मागे धावू नये. जोडीदाराला, दोन साखळ्या लावून, तो शेवटचा दिसला त्या जागी न्यावे आणि तिथे शांतपणे बसून राहावे. माणसांच्या हाकांना न येणारा कुत्रा जोडीदाराच्या वासावर परत येण्याची शक्यता अधिक असते.

दुसरा धोका लोकांना पटत नाही: आयुष्यात कधी न भांडलेले दोघे नव्या घरात एकमेकांवर तुटून पडू शकतात. ताणलेला कुत्रा ज्याच्यावर राग काढता येत नाही त्याला सोडून जवळच्यावर काढतो. म्हणून पहिले तीन-चार आठवडे जेवण दोन वेगळ्या कोपऱ्यांत, शक्य तर वेगळ्या खोल्यांत द्यावे, हाडे आणि खेळणी एकत्र असताना देऊ नयेत, आणि पाहुण्यांची रीघ लागू देऊ नये. भांडण जुंपले तर मध्ये हात घालू नये; मोठा आवाज करावा, पाणी मारावे किंवा मध्ये खुर्ची-फळी सरकवावी.

सोपवणाऱ्याने पहिल्या आठवड्यात रोज, नंतर आठवड्याला एकदा फोन करावा. ‘कसे आहेत?’ असे विचारल्यास ‘मजेत’ हेच उत्तर येते; त्याऐवजी काल रात्री दोघे कुठे झोपले, सकाळचे संपवले का, शी कशी आहे, असे विचारावे. प्रत्यक्ष भेटायला मात्र महिनाभर जाऊ नये, कारण जुना माणूस येऊन पुन्हा गेला की सगळे पहिल्यापासून सुरू होते.

कोणीच मिळाले नाही तर

काही महिने शोधूनही घर न मिळणे हे जोडीच्या बाबतीत नवल नाही. अशा वेळी कायमचे घर आणि तात्पुरता सांभाळ हे दोन प्रश्न वेगळे करावेत. दोघांना सहा महिने ठेवून घेणारे कुटुंब खर्चाची हमी दिल्यास पुष्कळदा मिळते, आणि त्यातली काही कुटुंबे त्यांना परत देतच नाहीत. त्यामुळे परदेशी गेलेल्या मुलांनी दरमहा खाद्य आणि औषधांचा खर्च पाठवण्याची तयारी दाखवावी; एकत्र राहण्याच्या अटीला याहून मोठे बळ नाही.

दोघांना रस्त्यावर, देवळाबाहेर किंवा घाटात सोडणे हा पर्यायच नव्हे. दुसऱ्या गल्लीतील कुत्रे त्यांना हद्दीत टिकू देत नाहीत आणि वाटीत खाल्लेल्यांना अन्न शोधता येत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये एवढाच असल्याने त्याचा धाक कोणाला वाटत नाही, ही गोष्ट वेगळी. सोडलेल्या जोडीचे छायाचित्र त्याच संध्याकाळी शहरभरच्या गटांत फिरते आणि लसींच्या नोंदींवरून, ओळखीच्या डॉक्टरांमार्फत, सोडणाऱ्याचे घर बहुधा सापडते.

नवे घर मिळाल्यावरही तीन महिने होईपर्यंत जुन्या घरातील किंवा नेमलेल्या नातेवाइकाकडील एक खोली, दोन वाट्या आणि दोन साखळ्या तयार ठेवाव्यात. परत आणण्याचा फोन आला तर वाद न घालता त्याच दिवशी दोघांना आणावे, काय बिनसले ते लिहून घ्यावे, आणि पुढच्या कुटुंबाला पहिल्याच फोनवर ते सांगावे.